रतामाच्या झुडुपाखालची भाकर

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, वचनें १ ते ९



एलीया संदेष्टा थोर खरा, परंतु या अध्यायाच्या आरंभीं तो आपणांस थोरपणीं दिसत नाहीं. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशें संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला होता. पाऊस आला तेव्हां अहाब राजाच्या रथापुढें तो इज्रेलापर्यंत धांवत गेला. एवढें चालणारा व धांवणारा मनुष्य. परंतु ईजबेल राणीचा निरोप येतांच त्याचें सर्व बळ गळालें. बैर-शेबा येथें आपल्या चाकरास सोडून तो एक दिवसाची वाट रानांत गेला, रतामाच्या एका झुडुपाखालीं बसला, आणि मरण मागूं लागला. मग तेथेंच निजला.

येथें देवदूतानें काय केलें तें लक्षपूर्वक पाहावें. त्यानें बोध केला नाहीं. संदेष्टा असून असा कसा खचलास, असें विचारिलें नाहीं. कालच्या विजयाची आठवणही दिली नाहीं. त्यानें त्यास स्पर्श केला आणि खावयास सांगितलें. उशाशीं पाहतो तों निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें. एलीया जेवला, आणि पुन्हा निजला. त्याबद्दलही दूत रागावला नाहीं. तो दुसऱ्यांदा आला, पुन्हा स्पर्श केला, पुढची वाट लांब आहे म्हणून आणखी खा असें म्हणाला. मग एलीया उठला, आणि त्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब डोंगरास पोंचला. तो तेथें कशास आला हा देवाचा प्रश्न होरेबास निघाला. झुडुपाखालीं निघाला नाहीं.

आधीं झोंप, मग भाकर, पुन्हा झोंप, पुन्हा भाकर, मग वाट, आणि सर्वांच्या शेवटीं संभाषण. आम्हां उपदेश करणारांस हा क्रम उलटा करण्याची हौस फार. संभाषण प्रथम होतें आणि भाकरीची गोष्ट निघतच नाहीं. शिवाय ती भाकर कसली होती? मेजवानी नव्हे. ती लहान होती, ऊन होती, आणि हात पुरेल अशा ठिकाणीं ठेविली होती. आज आम्हांस दोन सामान्य गोष्टींविषयीं बोलावयाचें आहे : मनुष्यानें स्वतःस दिलेला लहानसा आवडीचा घांस, आणि सुटलेलें चालणें पुन्हा धरणें. अशा गोष्टी व्यासपीठावर कशास, असें कोणी विचारील, तर त्यानें हा अध्याय पुन्हा एकदां वाचावा.

हा पाठ आम्हीं कोपर येथील वस्ती डोळ्यांपुढें ठेवून निवडिला आहे. ज्यांनीं तो गांव पाहिला नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगतों. मध्य रेल्वेनें मुंबईहून कल्याणकडे जातांना दिवा स्टेशन मागें टाकिलें कीं डोंबिवलीच्या अलीकडे कोपर लागतें. तेथें मुख्य मार्ग खालून जातो, आणि दिव्याहून वसई रोडकडे जाणारा मार्ग उंचावरून. म्हणून स्टेशनही खालचें आणि वरचें असें दोन आहे. जवळच उल्हास नदीची खाडी आणि तिवरांचें रान. जुनी वस्ती आगरी-कोळी लोकांची; आतां तिच्याभोंवतीं उंच इमारती उठल्या आहेत. येथील मनुष्य सकाळीं घराबाहेर पडतो तो चालत नाहीं. लोकल गांठण्यासाठीं धांवतो. संध्याकाळीं परततो तो गर्दींत चेंगरलेला. पायांस श्रम पुष्कळ होतात, परंतु ज्याला चालणें म्हणावें, ज्यांत श्वास मोकळा होतो व मन जागेवर येतें, तें त्याच्या दिवसांत कोठेंच बसत नाहीं.

डोंबिवलीचे पूर्व व पश्चिम भाग जोडणारा रेल्वेवरील पूल कोपर पूल या नांवानें प्रसिद्ध आहे. तो जीर्ण झाला म्हणून सप्टेंबर २०१९ मध्यें रहदारीस बंद केला. गाड्या ठाकुर्लीच्या पुलाकडे वळविल्या, आणि लोकांनीं फार हाल सोसले. त्यांतच मार्च २०२० मध्यें महामारीची टाळेबंदी आली. पूल पुन्हा बांधून खुला झाला तो सप्टेंबर २०२१ मध्यें. दोन वर्षें गेलीं. या दोन वर्षांत कोणी पुलास आळशी म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. तो झिजला होता, त्यास आधार व नवें लोखंड लागत होतें, हें सर्वांस कळत होतें. परंतु त्याच काळांत ज्या मनुष्याचें रोजचें फिरणें तुटलें, तो मात्र आजपर्यंत स्वतःस आळशी म्हणत बसला आहे. जी क्षमा आपण सिमेंटास देतों ती आपल्या गुडघ्यांस देत नाहीं.

आतां अशी एक भगिनी डोळ्यांपुढें आणावी. ती कोणी एक नव्हे. अशा पुष्कळ आहेत. तिचा नवरा आणि ती रात्रीचें जेवण झाल्यावर रोज फिरावयास जात. वाट ठरलेली, घरापासून खाडीच्या बाजूस, आणि परत. परततांना कोपऱ्यावरच्या गाडीवर खाऱ्या शेंगदाण्यांची एक पुडी घ्यावयाची आणि दोघांनीं अर्धी अर्धी खावयाची. एवढीच त्यांची चैन. २०२१ च्या उन्हाळ्यांत महामारीच्या दुसऱ्या लाटेंत नवरा गेला. तेव्हांपासून ती त्या वाटेनें गेली नाहीं. पुढें रक्तांतील साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चालत जा. तिनें मान हालविली, आणि घरीं येऊन बसली.

डॉक्टरांनीं सांगितलें तें खरें होतें, परंतु तें पायांविषयीं होतें, आणि अडचण पायांत नव्हती. चालणें म्हणजे त्या वाटेनें एकटीनें जाणें. त्या शेंगदाण्यांच्या गाडीवरून एकटीनें पुढें जाणें. पुडी दोघांची होती. एकटीनें ती घेणें तिला विश्वासघात वाटतें. आमच्या मंडळ्यांत अशा विधवा आहेत, विधुरही आहेत, आणि मुलें परगांवीं गेल्यामुळें रिकाम्या घरांत बसलेले म्हातारे आईबापही आहेत. त्यांस नेमाचें महत्त्व सांगून उपयोग नाहीं. त्यांच्या गांठोड्यांत दुःख आहे, आणि आपण त्यांस घड्याळ दाखवितों.

रूथेच्या पुस्तकांत नामी अशीच परतली. मवाबांत नवरा व दोन्ही मुलगे पुरून ती बेथलेहेमास चालत आली, आणि आपणास कडू या अर्थाच्या नांवानें हांक मारा असें वेशीवर सांगूं लागली. तिचें मन बदलण्यासाठीं कोणी प्रवचन केल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. लिहिलें आहे तें असें कीं, रूथ जवाच्या शेतांत सरवा वेंचावयास गेली असतां बवाजानें तिला भाजलेलें धान्य दिलें, तें तिनें पोटभर खाल्लें, आणि उरलेलें बांधून सासूकरितां घरीं आणिलें. आपल्याकडे हुरड्याची मूठ जशी शेतावरून घरीं येते, तशी. सरव्याचें धान्य पोटासाठीं होतें. ही भाजलेली मूठ वेगळी होती. त्या दिवशीं नामीच्या तोंडून आशीर्वाद निघाला. उरलेला घांस घेऊन घरीं येणारें कोणीतरी आहे, एवढ्यानें कडूपणास पहिली चीर पडली.

तेव्हां कोपरच्या त्या भगिनीकडे कोणीतरी जावें. संध्याकाळीं जावें. सांगूं नये, सोबत यावें. खाडीपर्यंत जाण्याचा हट्ट धरूं नये. पहिल्या दिवशीं कोपऱ्यापर्यंत गेलें तरी पुष्कळ. आणि पुडी अवश्य घ्यावी. ती घेतांना तिच्या डोळ्यांत पाणी आलें तर येऊं द्यावें. शेंगदाणे मात्र थोडे बिनमिठाचे घेतां आले तर बरें, कारण त्या वयांत रक्तदाबही असतो. परंतु पहिल्या दिवशीं हा विषयही काढूं नये.

कोणी बंधु येथें म्हणतील, आपल्या धर्मांत स्वतःस नाकारावयास सांगितलें आहे, आणि तुम्ही स्वतःचे लाड करावयास शिकवितां. हा आक्षेप हलका नाहीं. आमच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांनीं नव्या विश्वासासाठीं वतन, घर व नातीं सोडिलीं. त्यांस पुडी आणि चहा यांची गोष्ट क्षुल्लक वाटली असती. परंतु प्रभूचें चरित्र पाहावें. त्याच्यावर खादाडपणाचा आरोप आला होता, आणि त्यानें जेवणाचीं आमंत्रणें नाकारण्यास सुरुवात केल्याचें दिसत नाहीं. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस नसता तर कोणी मेलें नसतें. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या कांठीं शिष्य रात्रभर रिकामे राबून आले तेव्हां त्यानें कोळशांवर मासळी व भाकर तयार ठेविली होती. पेत्राशीं कठीण बोलणें न्याहारीनंतर झालें. येथेंही निखारे, येथेंही भाकर, येथेंही आधीं जेवण. कोपरच्या कोळी बंधूंस पहांटेच्या या मासळीचा अर्थ आमच्याहून अधिक कळेल.

मग मर्यादा कोणती? तीही शास्त्रांतच आहे. एसाव रानांतून थकून आला आणि मसुरीच्या एका वाडग्यासाठीं त्यानें ज्येष्ठत्व विकलें. भूक खरी होती, डाळही चांगली होती. देवघेव वाईट होती. आणि रानांतला मान्ना रोज पडत असे, रोज वेंचावयाचा असे. ज्यांनीं तो सकाळपर्यंत सांठविला त्यांच्या भांड्यांत किडे झाले. आवडीच्या घांसाचें असेंच आहे. अर्धा तास चालून जेवढी उष्णता खर्च होते तीहून एका वडापावांत अधिक असते. तेव्हां रोज चालून रोज वडापाव खाणारा हिशेबानें मागेंच पडतो. घांस लहान असावा, त्या दिवसाचा असावा, आणि तो घेतल्यावर लाज वाटूं नये असा असावा. तो खाण्याचाच असला पाहिजे असेंही नाहीं. कोणास मोगऱ्याचा गजरा, कोणास फिरून आल्यावर ऊन पाण्यानें पाय धुणें, कोणास गाडी जाईपर्यंत पुलाच्या कठड्याशीं दोन मिनिटें उभें राहणें. मधुमेह असेल त्यानें हे दुसऱ्या प्रकारचे शोधावे.

या विषयावर अलीकडे विद्वानांनीं प्रयोगही केले आहेत. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनीं २०१४ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामशाळेंत येणाऱ्या कांहींजणांस रंजक कादंबऱ्या यंत्रावर ऐकावयास दिल्या; परंतु तें यंत्र व्यायामशाळेंतच ठेवावयाचें, घरीं न्यावयाचें नाहीं. गोष्टीचें पुढें काय झालें हें ऐकावयाचें असेल तर व्यायामास या. आरंभीं हे लोक इतरांहून ५१ टक्के अधिक वेळां आले. म्हणजे आवडीची वस्तु कष्टाच्या दाव्यास बांधिली कीं कष्ट ओढला जातो. पण पुढचेंही ऐकावें. मध्यें सणाची सुट्टी आली, आणि सुट्टीनंतर तो परिणाम जवळजवळ नाहींसा झाला. आम्हांस या प्रयोगाचा दुसरा भागच अधिक मोलाचा वाटतो. कोपरांत ही सुट्टी कधीं पावसाळ्याच्या रूपानें येते, कधीं आजारपणाच्या, कधीं लग्नाच्या. आणि गोडी लावून जमविलेली संवय त्या फटींतून गळून जाते. तेव्हां लोक समजतात कीं सर्वच गेलें.

सर्वच जात नाहीं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ मनुष्यांवर पाहणी करून ती २०१० मध्यें छापिली. रोज ठराविक वेळीं एखादी लहान गोष्ट करावयाची, आणि ती अंगवळणीं पडावयास किती दिवस लागतात तें मोजावयाचें. कोणास १८ दिवस लागले. कोणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला आंकडा ६६. एकवीस दिवसांत संवय लागते असें जें सर्वत्र सांगितलें जातें त्यास या पाहणींत आधार नाहीं. आणखी एक गोष्ट तींत आढळली : एखादा दिवस चुकला तर फारसें बिघडत नाहीं. पावसानें एक दिवस बुडाला म्हणून मागचे चाळीस दिवस वाहून जात नाहींत.

दहा हजार पावलांचें ओझेंही पुष्कळांच्या मानेवर आहे. तो आंकडा कोणा वैद्यानें शोधून काढिलेला नाहीं. १९६५ मध्यें जपानांत पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस आलें, त्याचें नांवच दहा हजार पावलांचें माप अशा अर्थाचें होतें. अमेरिकेंत सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांची पाहणी झाली, ती २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. ज्या दिवसास सुमारें २,७०० पावलें चालत त्यांच्यापेक्षां सुमारें ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण बरेंच कमी आढळलें, आणि सुमारें ७,५०० च्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं. ज्या अधिक निरोगी त्याच अधिक चालत असतील, हीही शक्यता धरावी. एका पाहणीनें सर्व सिद्ध होत नाहीं. तरी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे बसून असणारे चालक आणि जिने चढणारे कंडक्टर यांची तुलना होऊन १९५३ मध्यें कंडक्टरांत हृदयविकार कमी दिसला, तेव्हांपासून आलेले बहुतेक पुरावे एकाच दिशेस बोट दाखवितात. कोपरच्या भगिनीस एवढेंच पुरे कीं दहा हजारांचें भूत तिनें उंबरठ्याबाहेर ठेवावें. जेवणानंतर दहा मिनिटें सावकाश चाललें तरी रक्तांतील साखर कमी चढते.

हें शहराजवळच्यांचें झालें. खेड्यांतील आमच्या भगिनी हें वाचून हंसतील. ज्या उन्हाळ्यांत डोक्यावर हंडा घेऊन अजूनही दूरच्या विहिरीवर जातात, त्यांस फिरावयास जा म्हणणें म्हणजे मासळीस पोहावयास सांगणें. त्यांचा गोड घांस बसण्याचा आहे. त्यांस घरांतल्या पुरुषांनीं संध्याकाळीं अर्धा तास बसूं द्यावें, आणि त्या वेळांत हंडा आपण उचलावा. पुरुषांचा व्यायामही त्यांतच होईल. पंडिता रमाबाईंचें बाळपण आईबापांबरोबर तीर्थांच्या वाटा पायीं तुडवीत गेलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले, आणि त्यानंतर भाऊ व त्या पायींच देशभर हिंडत १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचल्या. तें चालणें भुकेचें होतें. भुकेनें चालणारा आणि प्रकृतीसाठीं चालणारा एकाच रस्त्यावर दिसतात. दोघांस एकच उपदेश लागत नाहीं.

आणि अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे. त्यांचें चालणें दुःखाचें होतें. यरुशलेमेपासून सुमारें सात मैल ते खालीं मान घालून चालले. सोबतीस कोण आहे हें त्यांस संपूर्ण वाटेंत कळलें नाहीं. कळलें तें घरीं, जेवावयास बसल्यावर, भाकर मोडतांना. दिवस उतरला होता. बाहेर जाऊं नये म्हणून त्यांनींच पाहुण्यास थांबवून घेतलें होतें. तरी ते त्याच घटकेस उठले आणि तेच सात मैल परत चालून गेले. येतांना जड झालेले पाय जातांना कसे हलके झाले याचें कारण लूकानें वेगळें सांगितलें नाहीं. मध्यें फक्त एक भाकर आहे.

आतां उपदेशक बंधूंकरितां दोन शब्द, मग पुरे करितों. पूर्वीं आपले लोक खेडोपाडीं फेरी करीत ती बहुधा पायीं. आतां बहुतेकांपाशीं मोटरसायकल आहे, आणि ती असावी. अंतरें लांब आहेत, रात्रीबेरात्रीं आजाऱ्याकडे धांवावें लागतें. परंतु गाडी घरावरून निघून जाते. जो चालत जातो त्यास ओसरीवरची म्हातारी हांक मारिते; गाडीवर जाणाऱ्यास ती हांक ऐकूं येत नाहीं. ज्यांचें चालणें सुटलें आहे आणि पोट पुढें आलें आहे, त्यांनीं येत्या आठवड्यापासून एवढें करून पाहावें : गाडी वेशीपाशीं ठेवावी आणि घरभेटी पायीं घ्याव्या. ज्या घरीं अलीकडे मृत्यु झाला आहे तें घर प्रथम घ्यावें, आणि निघतांना त्या घरच्या कोणाला तरी पुढच्या घरापर्यंत सोबतीस बोलवावें. पहिल्या घरीं चहा पुढें आला तर नको म्हणूं नये. दुसऱ्या घरीं बिनसाखरेचा मागावा.